गुळवेल, अश्वगंधा, हळद : ‘इम्युनिटी’च्या मागणीवर लागवड करण्याआधी काय तपासावे?

करोनाच्या साथीत काढा, गुळवेल आणि अश्वगंधा यांची मागणी एकदम वाढली. मे २०२० मध्ये आत्मनिर्भर भारत पॅकेजमध्ये केंद्र सरकारने औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी ४,००० कोटी रुपयांची घोषणा केली. दोन वर्षांत १० लाख हेक्टर क्षेत्र या पिकांखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. हा आकडा किती मोठा आहे, हे हळदीवरून लक्षात येईल. २०२३-२४ मध्ये संपूर्ण देशात हळदीखालचे क्षेत्र साधारण ३ लाख हेक्टर होते. सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने ७५ हजार हेक्टरची आणखी एक मोहीम सुरू केली आणि तिची सुरुवात पुणे व सहारनपूर येथून झाली.

साथ ओसरली, पण ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ आणि ‘सूज कमी करणारे’ ही दोन विशेषणे बाजारात कायम राहिली. याच काळात दुसऱ्या बाजूने यकृताला इजा झाल्याचे अहवाल आले, सरकारी सूचना निघाल्या आणि परदेशात काही ठिकाणी बंदीही आली. त्यामुळे औषधी पिकाकडे वळणाऱ्या शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो : या मागणीवर विसंबून लागवड करावी का?

थोडक्यात उत्तर असे. वेष्टनावरच्या दाव्यावर विसंबून लागवड करू नका. दाव्याला येणारी मागणी चढते आणि उतरते. योग्य जात, योग्य भाग आणि स्वच्छ माल या तीन गोष्टी मात्र तुमच्या हातात आहेत. वनस्पतीचा अर्क उपयोगी पडेल की अपाय करेल हे बऱ्याच अंशी याच तीन गोष्टींवर ठरते आणि मालाचा सौदाही त्यावरच होतो. गुळवेल, अश्वगंधा आणि हळद या तीन पिकांच्या उदाहरणांवरून हे समजून घेऊ.

प्रतिकारशक्ती आणि दाह म्हणजे नेमके काय?

शरीरात जंतू शिरला किंवा जखम झाली की पांढऱ्या पेशी तिथे धावतात. ती जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि दुखते. यालाच दाह म्हणतात. म्हणजे दाह हा प्रतिकारशक्तीच्या कामाचाच भाग आहे. काम संपल्यावर तो शमला पाहिजे. तो शमला नाही तर सांधेदुखीसारखे जुनाट त्रास सुरू होतात. काही लोकांमध्ये ही संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते. संधिवाताचा आमवात हा प्रकार, थायरॉइडचे काही विकार आणि यकृताचा एक प्रकारचा दाह ही त्याची उदाहरणे आहेत. अशा विकारांना स्वयंप्रतिकार विकार म्हणतात.

आता ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ या दाव्याकडे पुन्हा पाहा. ज्याची संरक्षण यंत्रणा आधीच स्वतःवर उलटलेली आहे, त्याच्यात ती आणखी चेतवली तर त्रास वाढू शकतो. वनस्पतीत प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारे घटक खरोखर असतील, तर त्यांचा परिणाम प्रत्येकावर चांगलाच होईल असे नाही. एखाद्या कीटकनाशकाचा परिणाम मात्रेवर, वेळेवर आणि पिकावर अवलंबून असतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. अर्काचेही तसेच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पुराव्याच्या पायऱ्या. प्रयोगशाळेत पेशींवर दिसलेला परिणाम ही पहिली पायरी. उंदरांवर दिसलेला परिणाम ही दुसरी. माणसांवरच्या तुलनात्मक चाचण्या ही तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची. अनेक जाहिराती पहिल्या पायरीवरच्या निष्कर्षाला तिसऱ्या पायरीचे रूप देतात. कंपनीचा प्रतिनिधी ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ म्हणाला, तर ते संशोधन कोणत्या पायरीवरचे आहे हे विचारा.

गुळवेल : ओळख चुकली तर सगळेच चुकते

गुळवेलीवरचे आधुनिक संशोधन महाराष्ट्राला जवळचे आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील आयुर्वेद संशोधन केंद्रात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत या वेलीवर बरेच काम केले. पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झालेल्या आणि शस्त्रक्रिया होणार असलेल्या रुग्णांना तिथे गुळवेलीचा अर्क देऊन पाहिला गेला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात अर्क घेतलेल्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेनंतरचे परिणाम चांगले दिसल्याचे नोंदवले आहे. रुग्णसंख्या थोडी होती. त्यामुळे तो चांगला संकेत मानावा, अंतिम निकाल मानू नये. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनीही गुळवेलीच्या खोडातील एका बहुशर्करा घटकावर काम केले आहे. हा घटक प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींना चेतवतो असे दिसले. म्हणजे गुळवेलीचा प्रतिकारशक्तीशी संबंध ही निव्वळ जाहिरात नाही.

पण २०२१ मध्ये मुंबईतूनच दुसरी बातमी आली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची तपासणी त्या अभ्यासात झाली नव्हती आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता मंत्रालयाने मांडली. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. अनेक रुग्णांत स्वयंप्रतिकार प्रकारच्या यकृतदाहाची चिन्हे आढळली. वर सांगितलेला मुद्दा इथे लागू पडतो : पेशींना चेतवणारी वनस्पती सर्वांना सारखी मानवत नाही.

हा वाद दोन बाजूंनी चालू राहील. पण दोन्ही बाजू एका गोष्टीवर येऊन थांबतात. माल खात्रीचा असायला हवा. आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखी दिसणारी वेल म्हणजे टिनोस्पोरा क्रिस्पा. मंत्रालयाने दिलेले फरक शेतावर सहज पाहता येतात :

- खोड : गुळवेलीचे खोड मांसल आणि हिरवट असते, त्यावर गाठीसारखे उंचवटे नसतात. क्रिस्पाचे खोड राखाडी असते आणि त्यावर लहान लहान गाठी उठलेल्या दिसतात.
- चीक : गुळवेल कापल्यावर दुधासारखा चीक येत नाही. क्रिस्पा कापल्यावर येतो.
- फूल : गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या, क्रिस्पाच्या फुलाला तीन.
- फळ : गुळवेलीचे फळ गोल आणि पिकल्यावर लाल असते. क्रिस्पाचे फळ लांबट आणि नारिंगी असते.

पान दोन्हींचे हृदयाच्या आकाराचे असल्याने केवळ पानावरून ओळखू नका. कांड्या आणताना मातृवेलीचे खोड कापून पाहा. फुले किंवा फळे असताना फोटो काढून ठेवा. शंका असेल तर जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे नमुना देऊन ओळख लेखी घ्या. मोठ्या खरेदीदारापुढे या एका कागदाला चांगले वजन असते.

लागवडीचे गणितही नीट मांडा. गुळवेल माळरानावर, बांधावर आणि जंगलात आपोआप वाढते. २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या आदिवासी तरुणांच्या संस्थेला वनधन योजनेतून सुमारे ३५० टन गुळवेलीची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाल्याचे केंद्र सरकारने सांगितले होते. भागाकार केला तर किलोला साधारण ४५ रुपये पडतात. गोळा करून वाळवणाऱ्या गटासाठी हा दर ठीक आहे. पण सिंचनाची, सुपीक जमीन अडवून गुळवेल लावणाऱ्याला फुकट उगवणाऱ्या वेलीशी स्पर्धा करावी लागते. म्हणून गुळवेल बांधावर, कडुनिंबाच्या झाडांवर किंवा जिवंत कुंपणावर आंतरपीक म्हणून लावणे जास्त शहाणपणाचे आहे. दोन डोळ्यांच्या १५ ते २० सेंटिमीटर लांबीच्या कांड्या जून-जुलैमध्ये लावाव्यात. काढणी करताना बुंध्याकडचा भाग राखावा म्हणजे पुन्हा फूट येते. जंगलातून गोळा करणार असाल तर वन विभागाचे वाहतुकीचे नियम आधी विचारून घ्या.

अश्वगंधा : मूळ विकायचे, पान नाही

अश्वगंधेत वनस्पती ओळखण्याची अडचण कमी येते. इथला घोळ भागाचा आहे. आयुर्वेदात प्रामुख्याने मूळ वापरले जाते. अर्क उद्योगाला मात्र विथॅनोलाइड गटातील घटक हवे असतात आणि ते पानातही असतात. पान स्वस्त पडते, कारण मूळ खणावे, धुवावे, कापावे आणि वाळवावे लागते. त्यामुळे मुळाच्या अर्कात पान मिसळण्याचे प्रकार सुरू झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना अश्वगंधेची पाने न वापरण्याची सूचना केली.

याचे कारण रसायनशास्त्रात आहे. पानात विथाफेरिन-ए या घटकाचे प्रमाण मुळापेक्षा सामान्यतः बरेच जास्त असते. प्रयोगशाळेत हा घटक दाह वाढवणाऱ्या संदेशांना आवर घालतो, म्हणून त्याच्यावर बरेच संशोधन झाले. पण तोच घटक जास्त मात्रेत पेशींना मारकही आहे. म्हणजे ‘दाहशामक घटक जास्त, म्हणून माल चांगला’ हे गणित इथे सरळ चालत नाही. मुळाच्या अर्काच्या माणसांवरच्या चाचण्या झाल्या आहेत. ताणतणाव आणि झोप यांवर काही फायदा दिसला आहे, पण बहुतेक चाचण्या लहान आणि काही आठवड्यांच्या आहेत.

अपायाचीही नोंद आहे. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतील पाच रुग्णांमध्ये अश्वगंधायुक्त पूरकांनंतर यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाने थायरॉइड आणि लैंगिक संप्रेरकांवरील संभाव्य परिणामांबद्दल अहवाल दिला आणि २०२३ मध्ये त्या देशाने अश्वगंधेवर बंदी घातली. भारतीय बाजूने या अहवालावर आक्षेप घेतले गेले आणि मुळाच्या सुरक्षिततेचे पुरावे मांडले गेले. तुमच्यासाठी याचा अर्थ असा : निर्यातीची स्वप्ने दाखवणाऱ्या कराराकडे सावधपणे पाहा. एका देशाच्या निर्णयाने तुमच्या मालाची वाट बंद होऊ शकते. देशांतर्गत खरेदीदार कोण, हे आधी पक्के करा.

मध्य प्रदेशातील नीमच आणि मंदसौर हा अश्वगंधेचा जुना पट्टा आहे आणि तिथल्या बाजाराकडे सर्वांचे लक्ष असते. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातील हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत हे पीक येऊ शकते. पावसाचा जोर ओसरताना पेरणी करतात आणि साधारण पाच ते सहा महिन्यांत पीक काढणीला येते. पाने वाळू लागली आणि फळे लाल झाली की मुळे खणतात. जवाहर असगंध-२०, जवाहर असगंध-१३४ आणि पोषिता या जाती परिचित आहेत. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत हे पीक घेऊ नका, मुळे कुजतात.

दर ठरतो तो मुळाच्या प्रतीवर. सुमारे ७ सेंटिमीटर लांब, १ ते १.५ सेंटिमीटर जाड, आतून पांढरे आणि मोडताना कडकन तुटणारे मूळ पहिल्या प्रतीचे मानतात. बारीक आणि फाटे फुटलेली मुळे खालच्या प्रतीत जातात. म्हणून :

- खोडाचा भाग मुळापासून नीट कापा. देठ व पान मुळाच्या पोत्यात जाऊ देऊ नका.
- मुळे धुऊन माती पूर्ण काढा. मातीमुळे राख आणि जड धातूंचे प्रमाण वाढते.
- प्रतवारी करूनच विका. सरसकट ढीग विकला तर दर सर्वांत खालच्या प्रतीचा मिळतो.
- कोणी पाने विकत मागितली तर ती कशासाठी हवीत हे लेखी मागा. पान मिसळलेले असेल तर ते प्रयोगशाळेत ओळखता येते आणि संशय मूळ पुरवणाऱ्यावरही येतो.

हळद : भाजीतली वेगळी, कॅप्सूलमधली वेगळी

हळदीचे औषधी गुण आपल्याकडे नवे नाहीत. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली ते आव्हानित केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ही माहिती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असल्याचे पुरावे परिषदेने दिले होते.

हळदीतील पिवळा घटक म्हणजे कुरकुमिन. साध्या हळदीत तो साधारण ३ ते ५ टक्के असतो. गुडघ्याच्या झिजेमुळे होणाऱ्या दुखण्यावर कुरकुमिनच्या अर्काने काही आराम पडतो, असे बऱ्याच लहान चाचण्यांत दिसले आहे. अडचण अशी की कुरकुमिन आतड्यातून रक्तात फार कमी शिरते. १९९८ मध्ये बेंगळूरूच्या संशोधकांनी दाखवले की मिऱ्यातील पिपेरिन सोबत दिले तर माणसात त्याचे शोषण कित्येक पटींनी वाढते. त्यानंतर कुरकुमिन-पिपेरिन कॅप्सूलचा बाजार फोफावला.

आता साधा हिशेब करा. ९५ टक्के शुद्धतेची ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घेतली तर पोटात सुमारे ४७५ मिलिग्रॅम कुरकुमिन जाते. ३ टक्क्यांच्या हळदीतून तेवढे मिळवायला जवळपास १६ ग्रॅम पूड खावी लागेल. शिवाय कॅप्सूलमध्ये पिपेरिन असते, त्यामुळे शोषणही जास्त. घरच्या भाजीतील चिमूटभर हळदीचा अनुभव या कॅप्सूलला लावता येत नाही. अमेरिकेतील औषधजन्य यकृत-इजेच्या नोंदवहीत २०११ नंतर हळदीच्या पूरकांशी जोडलेले दहा रुग्ण सापडले. त्यांतील सात जणांमध्ये एक विशिष्ट आनुवंशिक खूण होती. म्हणजे हा त्रास क्वचित होतो आणि काही लोकांनाच होतो, पण होतो.

शेतकऱ्यासाठी यातून दोन वेगळे बाजार दिसतात. मसाल्याच्या बाजाराला हळकुंडाचा आकार, रंग आणि चकाकी हवी. अर्क काढणाऱ्याला कुरकुमिनची टक्केवारी हवी, हळकुंड कसे दिसते याने त्याला फारसा फरक पडत नाही. कसबे डिग्रज येथील केंद्राने विकसित केलेल्या फुले स्वरूपा जातीत कुरकुमिन ५ टक्क्यांच्या आसपास मिळते. टक्केवारीवर दर देणारा खरेदीदार असेल तरच अशा जातीचा पूर्ण फायदा होतो. तो नसेल तर उत्पादन आणि स्थानिक बाजार पाहून जात निवडा. वायगाव, सांगली आणि वसमत येथील हळदीला भौगोलिक मानांकन आहे. त्या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी नोंदणीकृत वापरकर्ता होऊन ती ओळख बिलावर आणि पोत्यावर आणावी.

कुरकुमिन उजेडाने कमी होते. शिजवून, वाळवून झाल्यावर हळद उघड्यावर फार दिवस ठेवू नका. रंग उठावदार दिसावा म्हणून कोणतीही रासायनिक पिवळी भुकटी लावू नका. तिच्यात लेड क्रोमेट असू शकते आणि शिसे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत अशी भेसळ सापडली होती. सरकारने तपासणी आणि दंड सुरू केल्यावर २०२१ पर्यंत ती शून्यावर आली. यावरून दोन गोष्टी कळतात. भेसळ थांबवता येते आणि ती पकडताही येते.

खरेदीदार काय मोजतो?

अर्क किंवा औषध बनवणारी चांगली कंपनी तुमच्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवते. तिथे साधारणपणे ओळख, ओलावा, राख, मुख्य घटकाची टक्केवारी, जड धातू, कीटकनाशकांचे अंश आणि बुरशीची विषे तपासली जातात. आयुर्वेदिक औषधांसाठी जड धातूंच्या मर्यादा ठरलेल्या आहेत : शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम. अर्क काढताना मुख्य घटक जसा एकवटतो, तसे काही वेळा नको असलेले अंशही एकवटतात. दहा किलो मालातला दोष एक किलो अर्कात उतरू शकतो. म्हणून अर्कासाठीच्या मालावर कंपन्या जास्त कडक असतात.

यातील बहुतेक दोष शेतावर आणि खळ्यावर तयार होतात. रस्त्याच्या कडेचा किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावरचा माल घेऊ नका. ताडपत्रीवर किंवा स्वच्छ ओट्यावर वाळवा, डांबरी रस्त्यावर नको. अर्धवट वाळलेला माल पोत्यात भरला की बुरशी येते. कीटकनाशकाच्या रिकाम्या पोत्यांत औषधी माल कधीही भरू नका.

करार करण्याआधी विचारायचे सात प्रश्न

सफेद मुसळीच्या लाटेत अनेकांनी महागडे बेणे घेतले. विकणाऱ्याचा धंदा बेण्यावर झाला, आणि माल तयार झाला तेव्हा दर खाली आले होते. तोच प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून हे प्रश्न विचारा :

१. खरेदीदार कोण? बेणे विकणारा आणि माल घेणारा एकच असेल तर त्याने आधी कोणाचा माल घेतला आहे, त्यांच्याशी बोला.

२. कोणता भाग, किती ओलाव्याचा आणि कोणत्या प्रतीचा माल हवा?

३. दर वजनावर की घटकाच्या टक्केवारीवर? टक्केवारीवर असेल तर चाचणी कोणाच्या प्रयोगशाळेत होणार?

४. नमुना नापास झाला तर दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणीची सोय करारात आहे का?

५. किमान दर लिहिलेला आहे का, आणि पैसे किती दिवसांत?

६. करार मोडला तर तोच माल दुसरीकडे विकता येईल का? स्थानिक व्यापारी तो घेतो का?

७. बाजार पडला तर पीक किती काळ शेतात ठेवता येईल? बांधावरची गुळवेल ठेवता येते, अश्वगंधा फार काळ नाही.

पहिल्या वर्षी जमिनीच्या थोड्याच भागावर लागवड करा. लागवडीची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जैवविविधता कायद्यात लागवडीखालील औषधी वनस्पतींना लाभवाटपाच्या अटीतून सूट आहे, पण माल लागवडीचाच आहे हे दाखवणारे मूळ प्रमाणपत्र त्यासाठी लागते. स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे याची चौकशी करा. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे पश्चिम विभागाचे सुविधा केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे.

गटाने स्वतः चूर्ण विकायचे ठरवले तर

बचत गट किंवा शेतकरी कंपनी चूर्ण, सत्त्व किंवा काढ्याचे मिश्रण विकू लागली की जबाबदारी बदलते. अन्नपदार्थ म्हणून विकायचे तर अन्न सुरक्षा परवाना लागतो. औषध म्हणून विकायचे तर आयुर्वेदिक औषध निर्मितीचा परवाना लागतो. ‘मधुमेह बरा होतो’, ‘कर्करोगावर रामबाण’ असे लिहू नका. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा अशा दाव्यांना मनाई करतो. वेष्टनावर वनस्पतीचे नाव, वापरलेला भाग, तुकडी क्रमांक आणि तारीख लिहा. प्रत्येक तुकडीचा थोडा नमुना मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवा. उद्या तक्रार आली तर तोच नमुना तुमच्या बाजूने बोलेल.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात सल्ला देताना पीक आणि आरोग्य हे दोन विषय वेगळे ठेवा. लागवडीचा सल्ला आपला, औषधाचा सल्ला वैद्याचा किंवा डॉक्टरांचा. तरीही लोक विचारतातच, म्हणून एवढे नक्की सांगा. गरोदर व स्तनदा महिला, यकृताचा किंवा थायरॉइडचा विकार असलेले, आमवातासारखा स्वयंप्रतिकार विकार असलेले आणि रोजची औषधे चालू असलेले यांनी अर्काच्या गोळ्या किंवा रोजचा काढा स्वतःच्या मनाने सुरू करू नये. काढा किंवा कॅप्सूल घेताना डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, भूक मरणे किंवा अंगाला खाज येणे असे काही झाले तर ती लगेच बंद करावी आणि रुग्णालयात जाताना पाकीट सोबत न्यावे. चालू उपचार कोणीही यासाठी थांबवू नयेत.

शिवार फेरीत गुळवेल आणि क्रिस्पा यांचे नमुने शेजारी ठेवून खोड कापून दाखवा. दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक पुरे होते. अश्वगंधेच्या मुळांच्या तीन प्रती टेबलावर मांडून त्या दिवशीचे दर समोर लिहा. शेतकरी स्वतःच हिशेब करतील.

निर्णयासाठी शेवटचा ताळा असा ठेवा. बांध, कुंपण आणि झाडे असतील तर गुळवेल लावायला हरकत नाही, खर्च जवळपास नाही. हलकी जमीन आणि ठरलेला खरेदीदार असेल तर थोड्या क्षेत्रावर अश्वगंधा घ्या. हळदीचे शेतकरी आहातच, तर पुढच्या हंगामात एकदा कुरकुमिनची चाचणी करून घ्या आणि त्या कागदावर दोन खरेदीदारांशी बोला. यातली एकही गोष्ट जमत नसेल, तर यंदाचे नेहमीचे पीक सोडण्याचे कारण नाही.